गाईला ताप, अंगावर गोचीड: आधी रक्ताची काच, मग इंजेक्शन



पाऊस सुरू झाल्यापासून संकलन केंद्रावर एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा कानावर येतंय. "गाय खात नाही, ताप आहे, दोन दिवस इंजेक्शनं झाली. ताप उतरतो आणि रात्री परत चढतो." मग चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे पांढरेफटक दिसायला लागतात आणि खरी धावपळ तेव्हा सुरू होते. ऐंशी-नव्वद हजारांची गाय अशा वेळी आठवड्यात हातची जाते. तिला वाचवणारं औषध डॉक्टरांच्या पेटीत असतं. नेमका आजार कोणता, एवढंच वेळेत कळलेलं नसतं.

म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे. गोचिडांमुळे होणारे रक्तातले आजार ओळखायचे कसे आणि तपासणी कधी, कशी करून घ्यायची, एवढाच विषय. औषधांचे डोस यात दिलेले नाहीत, ते मुद्दामच. मेसेज सेव्ह करा आणि घरात जे कोणी धार काढतं त्यांना आधी वाचून दाखवा. दूध अर्धा लिटरने उतरलं, गाय वैरण नुसती चिवडतेय, हे सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येतं.

*'गोचीड ताप' हा एकच आजार नाही*

आपण सरसकट गोचीड ताप म्हणतो. प्रत्यक्षात आपल्या भागात त्यात मुख्यतः तीन आजार मोडतात, तिघांचे जंतू वेगळे आणि औषधंही वेगळी. घोळ होतो तो इथेच.

पहिला थायलेरिया. संकरित गाईंचा, म्हणजे एचएफ आणि जर्सी रक्ताच्या गाईंचा, हा सगळ्यात मोठा शत्रू. दुसरा बबेसिया, ज्यात लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते. आणि तिसरा ॲनाप्लाझ्मा. यात गाय पांढरी-पिवळी पडत जाते, पण लघवी लाल होत नाही. पहिले दोन एकपेशीय परजीवी आहेत. ॲनाप्लाझ्मा हा खरं तर जिवाणू आहे, पण तोही रक्ताच्या लाल पेशीतच राहतो, म्हणून डॉक्टर तिघांचा विचार एकत्रच करतात.

आता औषधाचं बघा. थायलेरियावर जे खास औषध चालतं ते ॲनाप्लाझ्मावर उपयोगाचं नाही. बबेसियाचं नेहमीचं पिवळं इंजेक्शन थायलेरियाच्या गाईला दिलं तर पैसे गेले, दोन दिवस गेले आणि आजार होता तिथेच. टेट्रासायक्लिन ॲनाप्लाझ्मावर चांगलं चालतं. पण थायलेरिया एकदा अंगात पसरल्यावर फक्त त्याच्या भरवशावर राहता येत नाही. तेव्हा "गोचीड ताप आहे, गोचीड तापाचं इंजेक्शन द्या" असं दुकानदाराला सांगण्यात काही अर्थ नाही. कुठल्या गोचीड तापाचं, हा पहिला प्रश्न आहे.

गोचिडातून रोग पसरतो ही गोष्ट तशी जुनी आहे. अमेरिकेत टेक्सासकडून येणाऱ्या गुरांमुळे उत्तरेकडची गुरं लाल लघवी होऊन मरायची. तिथले गुराखी म्हणायचे की हे गोचिडांचं काम आहे, पण शिकलेली मंडळी हसायची. शेवटी १८९३ साली स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी प्रयोग करून दाखवलं की गोचीडच हा बबेसिया पसरवतो. गुराख्यांचं बरोबर निघालं. म्हणून तुमच्या नजरेला जे वेगळं वाटतं ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगत चला.

*सुरुवात थर्मामीटरपासून*

कान गरम लागले म्हणून ताप आहे, हे मोजमाप नव्हे. प्रत्येक गोठ्यात एक डिजिटल थर्मामीटर हवाच, खर्च शे-दीडशे रुपयांच्या आसपास. मागे दोरी आणि चिमटा बांधून ठेवा, म्हणजे आत जाऊन हरवणार नाही. टोकाला थोडं तेल लावून गुदद्वारात घाला आणि हलकेच एका बाजूला तिरपं धरा. टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे. नुसतं शेणात रुतलं तर आकडा चुकतो.

गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. उन्हातून आलेली किंवा दुपारी धापा टाकणारी एचएफ गाय १०३ सुद्धा दाखवते, तो आजार असेलच असं नाही. म्हणून सकाळी धारेच्या वेळी, जनावर शांत असताना मोजा. सकाळच्या गारव्यात १०४ च्या वर आकडा आला तर गांभीर्याने घ्या. थायलेरियात ताप १०५-१०६ पर्यंत सहज जातो आणि टिकून राहतो.

आकडा वेळेसकट लिहून ठेवा, भिंतीवर खडूने लिहिलात तरी चालेल. डॉक्टर आल्यावर "ताप होता हो" यापेक्षा "काल सकाळी १०५.२, संध्याकाळी १०५.८" हे दहापट कामाचं.

इथे एक कळकळीची विनंती. नुसतं ताप उतरवणारं इंजेक्शन देऊन वाट बघत बसू नका. त्याने आकडा खाली येतो, गाय चार घास खाते, आपल्याला बरं वाटतं. आत परजीवी वाढतच असतात. ताप उतरून परत चढला की तो "रेंगाळलेला ताप" नाही, आजार कायम आहे असं समजा आणि त्याच दिवशी रक्ततपासणी करा.

*हाताला काय लागतं*

थायलेरियाची सगळ्यात मोठी खूण म्हणजे गाठी. या गाठी कुठे चाचपायच्या हे एकदा निरोगी गाईवर शिकून घ्या, म्हणजे आजारी गाईत फरक लगेच कळेल.

एक जागा खांद्याच्या पुढे, मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे. बोटं सपाट ठेवून मागून पुढे फिरवा. निरोगी गाईत कातडीखाली एक चपटी, लांबट, सरकणारी गाठ लागते. दुसरी जागा मांडीच्या पुढे, कुशीच्या घडीत. तिसरी कानाच्या खाली, जबड्याच्या मागे. थायलेरियात ही गाठ लिंबाएवढी, कधी मुठीएवढी होते आणि डोळ्यालाही फुगलेली दिसते. गोचीड जिथे चावला त्या भागाजवळची गाठ आधी सुजते, म्हणून दोन्ही बाजू चाचपा. डाव्या खांद्याला काही नाही म्हणून सोडून दिलं आणि उजवीकडे मोठी गाठ होती, असं होऊ शकतं.

गाठ आणि ताप दिसले म्हणजे थायलेरियाच, असंही नाही. लम्पीमध्येही सुरुवातीला ताप येतो आणि ह्याच गाठी सुजतात, पण एक-दोन दिवसांत अंगभर कातडीवर फोड उठतात. घटसर्पात गळ्याखाली गरम, दुखरी सूज येते, घशात घरघर होते आणि जनावर तासांच्या हिशेबाने खालावते. तिथे थांबायला वेळच नसतो. पावसाळ्यातला तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, त्यात जनावर अंग आखडून लंगडतं आणि बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत सावरतं. थायलेरिया असा आपोआप तीन दिवसांत सोडून जात नाही.

बाकी लक्षणंही बघा. डोळ्यातून पाणी, नाकातून स्राव, खोकला, जोरजोरात श्वास. आधी घट्ट शेण, मग पातळ, कधी त्यात काळसर रक्त. लहान वासरांत डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. ज्या एचएफ वासराला "न्यूमोनिया" म्हणून चार दिवस औषध चाललंय आणि फरक नाही, त्याच्या गाठी कोणी चाचपल्यात का, हे एकदा विचारा.

*डोळ्याला काय दिसतं*

खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. निरोगी गाईत तो गुलाबी असतो. फिकट म्हणजे रक्त कमी. पांढऱ्यात पिवळी झाक म्हणजे लाल पेशी फुटताहेत आणि कावीळ होतेय. हिरड्या आणि निरणाच्या आतला भागही बघा. काळ्या-बांड्या गाईच्या हिरड्यांवर रंग नीट कळत नाही, निरणाच्या आत लवकर कळतो. सूर्यप्रकाशात बघा, बल्बच्या पिवळ्या उजेडात सगळ्याच गाई कावीळ झालेल्या दिसतात. थायलेरियात या आतल्या पातळ त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपकेही कधी दिसतात.

ॲनाप्लाझ्माची गाय थोडी फसवते. ताप येऊन जातो, कधी आपल्या लक्षातही येत नाही, आणि आपण बघतो तेव्हा ताप फारसा नसतो. गाय मात्र पांढरी-पिवळी, अशक्त आणि बद्धकोष्ठ झालेली, शेण गडद आणि कडक. मोठ्या वयाच्या गाईंत हा आजार जास्त जोर करतो. आणि हा फक्त गोचिडातूनच येतो असं नाही. चावणाऱ्या माश्या आणि एकाच सुईने पाच जनावरांना टोचणं, यातूनही पसरतो. लसीकरणाच्या वेळी सुई बदलायला सांगण्यात लाज वाटून घेऊ नका.

*लाल लघवी: इथे घाई आणि डोकं दोन्ही हवं*

लाल लघवी दिसली की बबेसियाचा संशय बरोबर आहे. पण लगेच निष्कर्षावर येऊ नका. दोन गोष्टी करा.

एक, ताप मोजा. बबेसियात सुरुवातीला ताप चांगलाच असतो. नुकती व्यालेली, जास्त दुधाची म्हैस किंवा गाय, व्यायल्यावर काही आठवड्यांत लाल-काळी लघवी करतेय आणि ताप नाही, तर फॉस्फरसच्या कमतरतेचा विचार आधी येतो. त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे आणि तोही त्याच दिवशी लागतो. म्हशींत हे जास्त दिसतं. थायलेरियासारखे गोचीड ताप म्हशीला सहसा गाईएवढा त्रास देत नाहीत, म्हणून म्हशीची लाल लघवी बघून थेट गोचीड तापाचं इंजेक्शन मागू नका. मात्र एक लक्षात असू द्या, बबेसियाच्या शेवटच्या टप्प्यात जनावर गार पडतं. तेव्हा "आज ताप नाही" यासोबत "गेल्या तीन दिवसांत होता का" हेही सांगायला हवं.

दोन, स्वच्छ काचेच्या बाटलीत लघवी धरा आणि तासभर न हलवता ठेवा. लाल गाळ तळाशी बसला आणि वर लघवी स्वच्छ झाली, तर लघवीच्या मार्गात कुठेतरी रक्तस्राव आहे. सगळी लघवी एकसारखी लालच राहिली, तर लाल पेशी अंगातच फुटून रंग लघवीत उतरतोय. बबेसिया आणि फॉस्फरसची कमतरता, दोन्हींत दुसरा प्रकार दिसतो. लेप्टोस्पायरा नावाच्या जिवाणूनेही तसं होतं आणि तो माणसालाही लागतो. म्हणून उघड्या हाताने लघवी हाताळू नका आणि बाटली डॉक्टरांना दाखवायला ठेवा.

*रक्ताची काच: औषधाच्या आधी*

या मेसेजमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: *नमुना आधी, औषध नंतर.*

कारण सोपं आहे. औषध गेलं की परजीवी रक्तातून कमी होतात किंवा त्यांचा आकार बिघडतो. मग काच कोरी येते. गाय अर्धवट बरी, रिपोर्ट "काही सापडलं नाही", आणि आठ दिवसांनी परत ताप. आता काय द्यायचं हे कोणालाच सांगता येत नाही. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात. नमुना घेऊन झाल्यावर डॉक्टर लक्षणांवरून लगेच उपचार सुरू करू शकतात, रिपोर्टसाठी गाय अडवून ठेवायची गरज नाही. रिपोर्ट आला की उपचार बरोबर चाललाय की बदलायचा हे ठरतं.

आधी काही दिलं असेल तर ते लपवू नका. गावातल्या कोणी काही टोचलं असेल, मेडिकलमधून गोळ्या आणल्या असतील, तर रिकामी बाटली किंवा पाकीट जपून ठेवा आणि दाखवा. कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी गाय आपली आहे.

काच म्हणजे काय, तर कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून किंवा शेपटीतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीने पातळ पसरवतात. वाळल्यावर मिथेनॉलने पक्की करून रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी बघतात. बबेसिया लाल पेशीत जोडीने, नासपतीच्या आकाराचा दिसतो. ॲनाप्लाझ्मा पेशीच्या कडेला गडद ठिपका असतो. थायलेरिया अंगठीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा बारीक असतो. नमुना घेण्याची उत्तम वेळ म्हणजे ताप चढलेला असताना.

काच खराब कशी होते तेही सांगतो, कारण ती पोचवण्याचं काम बऱ्याचदा आपल्याकडेच येतं. थेंब जाड पसरला तर काही दिसत नाही. काच ओली असताना कागदात गुंडाळली तर चिकटते. उघडी ठेवली तर माश्या वाळलेलं रक्त चाटून नेतात, आणि हे खरोखर होतं. काचेवर धूळ बसली तर ते ठिपकेच ॲनाप्लाझ्मासारखे दिसून घोळ होतो. हवेत पूर्ण वाळवा, डबीत ठेवा, पावसाच्या दमट हवेत जास्त वेळ काढू नका.

सोबत जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत दोन-तीन मिली रक्त घेतलं जातं. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा, नाहीतर रक्त साखळतं. जोरात हलवू नका, पेशी फुटतात. बर्फाच्या डब्यातून न्या, पण नळीला कापड गुंडाळा. थेट बर्फाला टेकून रक्त गोठलं तर नमुना वाया. डीप फ्रीजरमध्ये तर अजिबात नको.

*गाठीतून सुई घेतली तर घाबरू नका*

थायलेरिया आधी गाठींत वाढतो, मग रक्तात उतरतो. म्हणजे तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत रक्ताची काच कोरी येऊ शकते आणि त्याच वेळी गाठीत परजीवी खच्चून भरलेले असतात. म्हणून डॉक्टर कधी सुजलेल्या गाठीत बारीक सुई घालून थोडा द्रव काढतात. बरेच जण "गाठ फोडू नका" म्हणून अडवतात. गाठ फोडत नाहीत, इंजेक्शनएवढंच टोचणं आहे. रिपोर्टवर "कॉक्स ब्लू बॉडीज" असं लिहून आलं तर ते थायलेरियाचेच. रॉबर्ट कॉक या शास्त्रज्ञाच्या नावावरून ते नाव पडलंय. गाठीतल्या पांढऱ्या पेशींत ते निळसर दिसतात. असा रिपोर्ट ताप चढलेल्या गाईत आला की संशयाला फारशी जागा राहत नाही.

*रिपोर्ट वाचताना*

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते, म्हणून जरा सविस्तर.

रिपोर्टवर "निगेटिव्ह" आलं म्हणजे आजार नाही, असं नाही. लवकर घेतलेला नमुना, औषधानंतरचा नमुना, जाड काच, किंवा रक्तात परजीवी कमी असणं, यातल्या कशानेही निगेटिव्ह येतो. गाठी सुजलेल्या, ताप १०५, अंगावर गोचीड आणि रिपोर्ट निगेटिव्ह, तर डॉक्टर लक्षणांवर जातील किंवा परत नमुना घेतील. तिथे "रिपोर्टमध्ये तर काही नाही" म्हणून उपचार थांबवायचा आग्रह धरू नका.

उलट, "पॉझिटिव्ह" आलं म्हणजे आत्ताचा आजार त्याचाच, असंही नाही. थायलेरियातून एकदा उठलेली गाय बरीच वर्षं थोडे परजीवी रक्तात बाळगून राहते. तिला काही त्रास नसतो. देशी गाईंत, म्हणजे गीर, खिल्लार, देवणी, डांगी यांत, असे वाहक भरपूर असतात. अशा गाईला कासदाहाने ताप आला आणि काचेत एखाद-दुसरा थायलेरिया दिसला, तर कासदाहाकडे बघायचं. म्हणून रिपोर्टवर नुसतं नाव बघू नका, परजीवी किती आहेत ते विचारा आणि गाईची लक्षणं त्याला जुळतात का ते बघा.

पीसीआर तपासणी फार बारीक असते, काचेत न दिसणारे परजीवीही पकडते. पण वाहक गाईलाही ती पॉझिटिव्हच दाखवते. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी तर फक्त "कधीतरी संसर्ग झाला होता" एवढंच सांगते. आजारी गाईसाठी काच, गाठीची सुई आणि सीबीसी, एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं. महागडी तपासणी नेहमी चांगली, असं काही नसतं.

सीबीसीत हिमोग्लोबिन बघा. गाईत ते साधारण ८ ते १५ ग्रॅम असतं. पाचच्या खाली गेलं तर गाय धोक्यात आहे. अशा गाईला चालवत दवाखान्यात नेऊ नका, उन्हात बांधू नका, जबरदस्तीने ढोसणी पाजू नका. धापा टाकणाऱ्या गाईच्या फुप्फुसात औषध जातं आणि ती त्यानेच जाते. डॉक्टर रक्त चढवायचं म्हणाले तर दचकू नका. गाईंत ते करतात, आणि गोठ्यातलीच एखादी धडधाकट, आधी तपासलेली गाय रक्त देऊ शकते.

*नमुना कुठे द्यायचा*

तुमच्या गावचा पशुवैद्यकीय दवाखाना, तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय, ही पहिली ठिकाणं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. गोठ्यात एकापेक्षा जास्त जनावरं आजारी पडली किंवा निदान होत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांमार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुने जाऊ शकतात. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर आणि मुंबई इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असतील तर तिथेही विचारा.

नमुन्यासोबतच्या कागदावर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, जात, वय, कधी व्यायली, किती दिवसांपासून ताप, आकडे, लघवीचा रंग, आधी दिलेलं औषध आणि तुमचा मोबाईल नंबर लिहा. काचेवर बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे पेन्सिलने किंवा मार्करने घाला. नाहीतर दोन गाईंच्या काचा एकमेकींच्या नावावर जायच्या.

*कोणत्या गाईवर जास्त नजर ठेवायची*

बाहेरून आणलेल्या गाईवर. लोणी, काष्टीच्या बाजारातून किंवा परराज्यातून आणलेली संकरित गाय प्रवासाने थकलेली असते आणि आपल्या गोठ्यातले गोचीड तिला नवे असतात. किंवा ती आपल्याबरोबर आजार घेऊनच येते. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत थायलेरियात साधारण एक ते तीन आठवडे जातात, ॲनाप्लाझ्मात त्याहून जास्तही. म्हणून नव्या गाईला निदान तीन आठवडे वेगळी बांधा आणि रोज सकाळी ताप मोजा. व्यायच्या आधी-नंतरच्या दिवसांत आणि दोन-चार महिन्यांच्या संकरित कालवडींतही असंच लक्ष हवं. संकरित जनावरांसाठी थायलेरियाची लस आहे. तुमच्या गोठ्यात आधी हा आजार झाला असेल तर कोणाला, कधी द्यायची ते डॉक्टरांशी बोला. आजार झाल्यावर लस कामाची नाही.

गोचीड किती आहेत यावर आजार ठरत नाही, हेही ध्यानात घ्या. "अंगावर दोन-चारच तर होते" असं बरेच जण म्हणतात. थायलेरियाला बाधा झालेला एक गोचीड पुरतो. मात्र तो चिकटल्यावर आतला परजीवी तयार होऊन लाळेतून उतरायला दोन-तीन दिवस घेतो. म्हणजे रोज कानाच्या आत, पोळीखाली, कासेभोवती, शेपटीच्या बुडाशी हात फिरवून काढलेल्या गोचिडाचा खरोखर फायदा होतो. लांब, पट्टेरी पायांचे तपकिरी गोचीड दिसले तर थायलेरियासाठी जास्त सावध राहा.

काढलेला गोचीड नखाने चिरडू नका. त्याच तपकिरी गोचिडांतून माणसाला काँगो ताप होऊ शकतो. शेजारच्या गुजरातेत २०११ साली त्याचे रुग्ण सापडले होते. हातमोजे घाला, गोचीड रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. मुलांना हे काम सांगू नका.

*उपचार सुरू झाल्यावर*

सकाळ-संध्याकाळ ताप मोजणं चालू ठेवा. योग्य औषध लागू पडलं तर ताप बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरायला लागतो. दोन दिवसांनंतरही उतरला नाही तर डॉक्टरांना कळवा, ते दुसरा डोस देतील किंवा निदान पुन्हा तपासतील. गाठी मात्र हळूहळू बसतात, त्यावरून घाबरू नका. पापणीचा गुलाबी रंग परत यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर चांगली वैरण, खुराक, सावली, आणि माजावर आली तरी भरवण्याची घाई नको.

औषध चालू असलेल्या गाईचं दूध डॉक्टर सांगतील तेवढे दिवस संकलनाला घालू नका. केंद्रावर तसं सांगा आणि कॅन वेगळा ठेवा. एका गाईच्या दुधाने अख्खा टँकर परत आला तर ते नुकसान सगळ्यांच्या हिशेबात येतं.

काचपट्ट्या, ईडीटीए नळ्या आणि बर्फाचा डबा आपल्या संकलन केंद्रावर ठेवलेला आहे. डॉक्टर नमुना घ्यायला येणार असतील तर आधी फोन करून घेऊन जा. सकाळी नऊच्या आत नमुना केंद्रावर आला तर दुधाच्या गाडीबरोबर त्याच दिवशी तालुक्याला जातो. शंका असेल तर याच नंबरवर गाईच्या पापणीचा, गाठीचा आणि लघवीच्या बाटलीचा फोटो पाठवा, सोबत तापाचा आकडा लिहा. नुसतं "गाय आजारी आहे, काय द्यावं" असा मेसेज आला तर उलट आधी हेच सगळं विचारावं लागतं आणि तेवढा वेळ जातो.

भिंतीच्या फटींतल्या गोचिडांचा बंदोबस्त पुढच्या मेसेजमध्ये घेऊ.